बाराव्या वर्षी रिटायर झालेल्या बाळूताई

मी आज चार माणसांत उभा राहून एखादं वाक्य शेवटपर्यंत बोलू शकतो, ते बाळूताईंमुळे. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, शाळेतल्या गुरुजींनी घडवलं, ते सगळं खरंच आहे. पण सर्वांत जास्त ऋण ज्या एका माणसाचं आहे त्याचं नाव घे म्हणाल, तर मी बाळूताईंचं घेईन.

बाळूताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "हँडबिलावर चाळीस वर्षं आलं नाही, आता कशाला छापतोस?"

तालमीला त्या आल्या की आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. दाराशी चपला काढायच्या. स्टेज म्हणून जी जागा ठरली असेल, म्हणजे बहुतेक वेळा कॅन्टीनमधली टेबलं सरकवून केलेली मोकळी फरशी, तिच्या एका टोकाला जाऊन अनवाणी चालायला लागायच्या. ओठांतल्या ओठांत पावलं मोजत दुसऱ्या टोकापर्यंत. मग मागून पुढे. मग मधोमध येऊन पदर कमरेला खोचायच्या आणि आमच्याकडे बघून म्हणायच्या, "हं. पुढचं?"

हा त्यांचा शब्द. माणूस बोलता बोलता अडला, की "पुढचं?" चहावाला "ताई, आज दूध..." म्हणून थांबला तरी "पुढचं?" त्यात राग नसायचा. आपल्याला ऐकायचं आहे, वेळ आहे, तुम्ही बोला, एवढंच त्यात असायचं.

तुमच्यापैकी कुणी चाकण, भोसरी, पिंपरी या पट्ट्यात नोकरीला असेल, तर त्याला कंपन्यांच्या नाटकांचं वेगळं सांगायला नको. कामगारांच्या नाट्यस्पर्धा असतात, कंपनीचा वर्धापनदिन असतो, आसपासच्या गावांच्या जत्रा असतात. नाटक बसवणारे सगळे पुरुष. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी स्टोअरमधला. नाटकात मात्र बायको लागते, आई लागते, बहीण लागते. त्यासाठी बाहेरून एक बाई बोलवायची पद्धत. ती शेवटच्या आठ-दहा तालमींना येणार, प्रयोग करणार आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कंपनीतल्या कुणाची तरी बायको होणार. बाळूताई हे काम चाळीस वर्षं करत होत्या. "माझे जेवढे नवरे झाले तेवढे चाकणच्या रस्त्याला खड्डे नसतील," असं त्या स्वतःच म्हणायच्या. खरा नवरा एकच, तोही नाटकांना लाइट करणारा. तो गेल्यावर त्या कासारवाडीत स्टेशनजवळच्या खोलीत एकट्या राहत. साड्यांना फॉल-पिको करून देत. मुलगी लग्न होऊन सांगवीला.

कंपनीच्या गेटवर बाहेरच्या माणसाला पास घ्यावा लागतो. गळ्यात अडकवायचा आणि जाताना परत द्यायचा. ताई तो कधीच परत द्यायच्या नाहीत. विसरायच्या. सिक्युरिटीवाला मागे पळत यायचा, "मॅडम, पास!" तोवर त्या बसमध्ये. त्यांच्या पिशवीत अशा कितीतरी कंपन्यांचे पास होते. त्यातला एक पिवळा पडलेला पास दाखवून त्या मला म्हणाल्या होत्या, "या कंपनीला कुलूप लागून किती वर्षं झाली. पास बघ माझा, अजून चालू आहे."

आता माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर ऋण कसलं ते कळणार नाही.

मी मराठवाड्यातल्या भूम तालुक्यातला. वडील मोंढ्यात पोती उचलत. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. चाकणला ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले होते. क्वालिटी डिपार्टमेंटला होतो. काम येत होतं, बोलता येत नव्हतं. म्हणजे तोंडाला काही झालं नव्हतं. पण वाक्य सुरू केलं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला वाटायचं, आपण चुकीचं बोलतोय, आपली भाषा गावाकडची आहे, समोरचा हसतोय. मग वाक्य तिथेच सोडून द्यायचं. पहिल्याच मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "काय करतोयस सध्या?" मी म्हणालो, "सर, गेज चेक करूलालो..." टेबलाभोवती हशा पिकला. त्या दिवसापासून मी वाक्यं आणखी लवकर सोडायला लागलो.

नाटकात मी गेलो तो अक्षर चांगलं म्हणून. प्रत्येक पात्राची वाक्यं वेगवेगळ्या वहीत उतरवून द्यावी लागतात; त्या नकला काढायचं काम मला दिलं. नकला काढणाऱ्याला नाटक आपोआप माहीत होतं, म्हणून मलाच प्रॉम्प्टर केलं. म्हणजे विंगेत बसायचं आणि कुणी वाक्य विसरला की हळूच सांगायचं. मला हे काम फार आवडलं. अंधारात बसायचं, आणि बोलायचं ते दुसऱ्याचं.

पहिल्या शिफ्टनंतर कॅन्टीनमध्ये तालीम होती. नायक होते वेल्डशॉपचे शिंदेभाऊ. भाऊ इथल्याच गावचे, पिढीजात शेतकरी. जमीन एमआयडीसीत गेली आणि त्या बदल्यात नोकरी लागली. आवाज खणखणीत, छाती भारदस्त, पाठांतर शून्य. ते अडले. मी वहीतून वाचलं, "सुमन, मी घराचे..." आणि सवयीने थांबलो.

बाळूताईंनी मान वळवून विंगेकडे बघितलं. विंग म्हणजे पाण्याचा कूलर होता.

"कोण आहे रे तिकडे?"

"मी. प्रॉम्प्टर."

"घराचे काय?"

"कागद."

"कागद काय?"

"गहाण... ठेवलेत."

"मग सगळं बोल की बाबा! त्याला आठवत नाही म्हणून तू आहेस. तूच अर्ध्यावर सोडलंस तर माझं घर जाणार कसं?"

सगळे हसले, मीसुद्धा. इथे आल्यापासून मी पहिल्यांदाच लोकांबरोबर हसत होतो. एरवी ते हसायचे आणि मी बघायचो.

शिंदेभाऊंचा एक प्रयोग तर मी विसरूच शकत नाही. भाऊ पुण्यातल्या प्राध्यापकाचं काम करत होते. हॉल भरलेला. भाऊंनी चष्मा पुसला, "सुमन, मला तुला काहीतरी सांगायचंय," म्हणाले आणि पुढे सगळं कोरं. मी विंगेतून ओरडायचाच बाकी होतो. त्यांच्या कानांपर्यंत काही पोचत नव्हतं. बाळूताई शांतपणे साडीची घडी घालत होत्या. घडी घालता घालता म्हणाल्या, "अहो, सकाळपासून सांगायचंय, सांगायचंय चाललंय. घराचे कागद कुणाला देऊन बसलात, तेच ना?"

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. "व्हय! कागद! त्येच म्हनत हुतो मी!"

पुण्याचा प्राध्यापक एकदम मावळातला झाला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, घाबरल्यावर माणसाची मूळची भाषा बाहेर येते असं नाटककाराने मुद्दाम लिहिलंय. परीक्षकांनीही तसंच समजून कौतुक केलं. भाऊ आजही सांगतात, "आमी ते ठरवूनच केलं हुतं."

प्रयोग झाल्यावर मी ताईंना विचारलं, "तुम्हाला सगळ्यांचीच वाक्यं पाठ असतात?"

"लहानपणची खोड आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या लहानपणाची हकीगत मी तुकड्या-तुकड्यांत ऐकली. बसच्या थांब्यावर, कॅन्टीनच्या चहावर. जोडून सांगतो.

त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर. कारखान्याचं नाटक बसत होतं. त्यात बाळू नावाच्या मुलाचं काम होतं आणि एका कामगाराचा मुलगा ते करत होता; त्या मुलाला प्रयोगाच्या चार दिवस आधी गोवर आला. वडिलांबरोबर तालमीला येऊन कोपऱ्यात बसणारी ही पाच वर्षांची मुलगी. कुणीतरी सहज विचारलं, तुला येतं का गं बाळूचं? तिने बाळूचं म्हणून दाखवलं. मग बाळूच्या आईचं म्हणून दाखवलं. मग वडिलांचं, खलनायकाचं, पोस्टमनचं. कारखान्याच्या गेटसमोरच्या न्हाव्याकडे नेऊन तिचे केस कापले. हाफ पँट आणि डोक्याला टोपी. बाळू तयार झाला.

पुढची सात वर्षं त्या बाळू होत्या. नाटक बदलायचं, पोराचं नाव बदलायचं, पण मंडळातले लोक बाळ्याच म्हणायचे. दरवर्षी स्पर्धेच्या आधी केस कापले जायचे. "शाळेत सगळ्या मुलींना दोन वेण्या. मला एक टोपी," त्या सांगायच्या. कामगार तीन शिफ्टचे, त्यामुळे तालमीला कधीच सगळे नसायचे. जो नसेल त्याची वाक्यं बाळ्या म्हणायचा. मोठी माणसं अडली की खालून आवाज यायचा, "काका, तुम्ही एक वाक्य खाल्लंत."

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"भीती कसली? स्टेज मोजलेलं असायचं की. किती पावलांवर संपतं ते माहीत असलं म्हणजे माणूस पडत नाही."

आणि मग बारावं वर्ष. ही हकीगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही हसत हसत. नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्याचं त्यांना मैत्रिणीकडून कळलं. वडिलांनी या वेळी सोबत नेलं नव्हतं. वाटलं, विसरले असतील. त्या एकट्या चालत हॉलवर गेल्या. दारातून बघितलं तर स्टेजवर एक सात-आठ वर्षांचा मुलगा उभा होता आणि त्याच्या डोक्यावर यांची टोपी होती.

"उंची वाढली होती ना माझी. त्यांचं बरोबरच होतं."

"मग?"

"मग काय. कुणीतरी चहा-खारी दिली. खाल्ली. तालीम बघत बसले. तो पोरगा अडला तेव्हा वाक्य सांगितलं. घरी आले. बाबा काही बोलले नाहीत, मीपण नाही. मी बाराव्या वर्षी रिटायर झाले बघ. आता परत व्हायची नाही."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो आणि नेहमीसारखा अडलो. या वेळी त्यांनी "पुढचं?" म्हटलं नाही. स्वतःच पुढचं बोलल्या. "काढलं त्याचं काही नाही रे. सगळ्यांना काढतात. पण टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर बघून कळलं. एवढे सगळे काका होते, सात वर्षं मांडीवर घेतलेले. एकाने सांगायला हवं होतं."

पाच वर्षांनी, सतरा वर्षांच्या असताना, त्याच मंडळातले लोक घरी आले. या वेळी बायकोचं काम होतं. त्यांनी केस वाढवले होते. दोन्ही वेण्या कमरेपर्यंत.

मला बोलतं करायची त्यांची रीत वेगळीच होती. कॅन्टीनच्या एका टोकाला चहाचा काउंटर. त्या मला दुसऱ्या टोकाला उभं करायच्या आणि म्हणायच्या, "इथून माझ्यासाठी चहा सांग." मध्ये पन्नास-साठ माणसं जेवताहेत. मी म्हणायचो, "भाऊ, एक..." माझी मान खाली. "पुढचं?" "एक चहा." "कसला?" शेवटी एक दिवस मी त्या टोकाहून ओरडलो, "भाऊ, एक चहा द्या, साखर कमी, आलं घालून, बाळूताईंसाठी!" सगळं कॅन्टीन वळून बघायला लागलं. ताई म्हणाल्या, "बघ. कुणी मेलं का?"

"पण माझी भाषा..." मी म्हणालो.

"करूलालो म्हणतोस ते कानाला गोड लागतं. ते सोडू नकोस. पण काय करूलालास ते तरी लोकांना कळू दे. तू भाषा सुधारायला बघतोस आणि वाक्य तसंच टाकून पळतोस."

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या लाइनवरचं रिजेक्शन अचानक वाढलं. पार्ट मापात बसत नव्हते. मीटिंगमध्ये साहेबांनी कारण विचारलं. ज्या गेजने माप घ्यायचं तो गेजच झिजला होता. हे मला तीन आठवड्यांपासून दिसत होतं. दोनदा सांगायला गेलो होतो आणि दोन्ही वेळा वाक्य अर्धं सोडून परत आलो होतो. मी उभा राहिलो. खोली मनातल्या मनात मोजली. टेबलापासून दारापर्यंत सात पावलं.

"सर, गेज झिजलाय. मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. मी बोललो नाही, ही माझी चूक आहे. आज दुपारपर्यंत बदलून घेऊलालो."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "घे." ते मला रागावले असते तरी चाललं असतं. पुढच्या वर्षी मी कायम झालो. त्यात कामाचा वाटा असेलच. पण त्या एका पूर्ण वाक्याचा होता हे मला पक्कं माहीत आहे.

वर्षं गेली. मी मंडळाचा सचिव झालो. दरवर्षी कासारवाडीला जाऊन ताईंना तालमीच्या तारखा सांगायच्या, हे सचिवाचं काम. ते मी आनंदाने करायचो.

मग आमच्या कंपनीत मुलींची लाइन सुरू झाली. वायरिंगची कामं. यवतमाळ, नांदेड, बीड, कुठून कुठून आलेल्या मुली. टोप्यांत केस घालून आठ-आठ तास उभ्या. त्यातली यवतमाळची एक मुलगी एके दिवशी तालमीच्या दारात येऊन उभी राहिली. "मला नाटकात घेता का?" तिने आधीच्या वर्षीच्या नाटकातला बाळूताईंचा प्रवेश म्हणून दाखवला. "मी तीन महिन्यांपासून पाठ करून राहिली," म्हणाली. चांगली होती. खरं सांगायचं तर फार चांगली होती. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

मंडळाची बैठक झाली. आपल्याच कंपनीत मुली असताना बाहेरून बाई कशाला, हा मुद्दा कुणालाही खोडता येईना. मलाही नाही. ठरलं.

"ताईला कोन सांगनार?" शिंदेभाऊंनी विचारलं.

एकजण म्हणाला, "सांगायचं कशाला? यंदा तारखा कळवायच्या नाहीत. आपोआप समजेल."

"तेच बरं. उगं तोंडावर बोलून वाईट वाटायला नको, राव."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या काकांच्याही मनात नसणार. मला मात्र ती टोपी दिसायला लागली. आयुष्यभर ज्यांनी स्टेज मोजलं त्यांना दुसऱ्यांदा दारातूनच कळणार होतं.

"मी सांगतो," मी म्हणालो.

रविवारी सकाळी गेलो. ताई मशीनवर बसल्या होत्या. हातात मोरपंखी साडी. मला बघताच म्हणाल्या, "ये. बघ, यंदाच्या कामासाठी घेतलीय. लाइट पडला की उठून दिसेल. तारखा काय ठरल्या?"

हे मी धरलंच नव्हतं. येताना लोकलमध्ये वाक्य तयार केलं होतं, ते साडी बघून कुठल्या कुठे गेलं.

"ताई, यंदा ते... म्हणजे आता कंपनीत मुली आल्यात ना, तर मंडळाचं..."

मशीन थांबलं. बाहेरून एक गाडी गेली, भांडी थरथरली. गाडी जाईपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग बघितलं.

"पुढचं?"

मी उभा राहिलो. बसून ते सांगता येत नव्हतं. "ताई, यंदापासून बायकांची कामं आपल्या लाइनवरच्या मुली करणार आहेत. तुम्हाला बोलवायचं नाही असं बैठकीत ठरलंय. मीही हो म्हणालो. ती मुलगी चांगली आहे. तुम्हाला दारातून कळू नये म्हणून मी सांगायला आलो."

एका दमात बोललो.

 साडीच्या फॉलची वीतभर शिवण राहिली होती. ताईंनी मशीन सुरू केलं, ती पुरी केली, दोरा दातांनी तोडला. मग डोळ्यांना पदर लावला. लगेच काढला.

"उंची किती आहे पोरीची?"

"तुमच्यापेक्षा चार बोटं जास्त."

"मग जरा खाली सोडून नेसावी लागेल." साडी उलटी करून त्या बघायला लागल्या. "वाक्यं खाते का?"

"नाही."

"शिंद्या खाईल. तिला सांग, त्याचं पण पाठ कर." मग म्हणाल्या, "तू बस. चहा टाकते. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणी घरी येऊन सांगितलं मला."

मला वाटलं होतं, मी त्यांचं काहीतरी काढून घ्यायला आलोय. ते खरंही होतं. पण मी जणू काहीतरी द्यायलाच आलो होतो, अशा थाटात त्या माउलीने मला चहा दिला, वर खारी दिली. खारी मी हातात तशीच धरून बसलो. त्यांच्या ते लक्षात आलं. "खा रे," त्या म्हणाल्या, "ती खारी वेगळी, ही वेगळी."

निघताना दारात म्हणाल्या, "कंपनीत माणूस रिटायर झाला की पत्र देतात ना?"

"देतात."

"मला पण दे. दोनदा रिटायर झाले, कागद एक नाही. तुझं अक्षर चांगलं आहे. टाइप नको करू."

साडी त्यांनी स्वतः आणून दिली. गेटवर पास घेतला, चपला काढल्या, यवतमाळच्या त्या मुलीचा हात धरून तिला कॅन्टीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. "माझ्या पावलांचा आकडा सांगू का?" मुलीने होकारार्थी मान हलवली. "सांगणार नाही. तुझे पाय लांब आहेत. तुझं तू मोज."

प्रयोगाला त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी विंगेतून बघत होतो. दुसऱ्या अंकात शिंदेभाऊ नियमाप्रमाणे अडले. मी वाक्य सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही. माझी नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. बाळूताईंनी पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. वाक्य ओठांवर आलं होतं आणि ते बाहेर पडू नये म्हणून दात घट्ट आवळले होते. स्टेजवर मुलगी दोन पावलं पुढे आली. "काय म्हणायचं ते म्हणा ना एकदाचं," ती भाऊंना म्हणाली, "आईला गावी पाठवायचं, असंच ना?" "व्हय!" भाऊ ओरडले. ताईंनी तोंडातला पदर सोडला आणि सगळ्या हॉलच्या आधी हसल्या.

पुढे त्या खोली सोडून मुलीकडे सांगवीला गेल्या. कासारवाडीवरून लोकल जाते तेव्हा मी अजून त्या बाजूला बघतो. खोलीच्या दाराला आता दुसरा रंग आहे. त्यांना फोन करतो, बोलणं होतं. पण पत्र मात्र राहून गेलं. मी तीनदा लिहायला बसलो, तीनदा फाडलं. त्यांनी फोनवर आठवण केली, "कागद कुठाय माझा?" तेव्हा कुठे लिहिलं. शेजारच्याच गावात राहतात, तरी पोस्टानेच पाठवलं. त्यात त्यांचं नाव मधल्या नावासकट पूर्ण लिहिलं होतं. तेवढं सोडून बाकी पत्र जसंच्या तसं देतो.

"सप्रेम नमस्कार.

आपणांस कळविण्यात आनंद होतो की, आमच्या मंडळाच्या कामातून आपण निवृत्त झाला आहात. हे आपणांस आधी तोंडी सांगितलं होतं, आता लेखी कळवीत आहे.

त्याआधी वयाच्या बाराव्या वर्षी आपण बाळूच्या कामातून निवृत्त झालात. त्या वेळी आपली उंची वाढली होती, कामात काही कमी नव्हतं. हे त्याच वेळी कुणीतरी घरी येऊन सांगायला हवं होतं. ते मंडळ आता नाही. त्यांच्या वतीने मी सांगतो आणि उशिराबद्दल माफी मागतो.

आपल्याकडे आमच्या कंपनीचे काही गेटपास असतील. सिक्युरिटीने विचारणा केली आहे. परत करू नयेत.

मुली बऱ्या आहेत. तिघींनी स्टेज मोजलं. तिघींचे आकडे वेगळे आले. शिंदेभाऊंचं पाठांतर पूर्वीइतकंच आहे. मोरपंखी साडी यंदाही वापरणार आहोत.

एक सांगायचं राहिलं. या वर्षी प्रॉम्प्टिंगला यवतमाळची मुलगी बसणार आहे, कारण मला एक काम दिलं आहे. पोस्टमनचं. चार वाक्यं आहेत. तिसरी रांग, मधली खुर्ची आपल्यासाठी ठेवली आहे. आपण यावं. पदर तोंडात धरायची गरज पडणार नाही. चारही वाक्यं मी पूर्ण बोलेन.

आपला,
प्रॉम्प्टर"